टाहो सरोवर: बर्फ वितळण्याची वेळ बदलते तेव्हा

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय फलकावर लागल्यापासून दोन-तीन जणांनी मला विचारलं, "भाद्रपदाच्या उकाड्यात बर्फावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत पिंपात टाकायचा. आपल्या नर्मदेत, महीत, विश्वामित्रीत बर्फाचं पाणी येत नाही. पाऊस पडला की नदीला पाणी, नाही पडला तर वाळू. पण उत्तरेत पंजाबकडे नजर टाका. भाक्रा धरणात सतलजचं जे पाणी येतं, त्यात निम्म्याहून अधिक वाटा हिमालयातला बर्फ आणि हिमनद्या वितळण्याचा आहे. आपल्या पोळीचा गहू कुठे पिकतो हे लक्षात घेतलं, तर बर्फ आपल्यापासून फार लांब नाही.

आज मात्र मी हिमालयाबद्दल नव्हे, अमेरिकेतल्या टाहो नावाच्या एका सरोवराबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर तुम्हालाही गाडीत बसवून टाहोला नेलं असेल, निळ्या पाण्यापाशी उभं करून फोटो काढले असतील. मी हे सरोवर निवडलं त्याचं कारण वेगळं आहे. पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला नोंदवह्यांचं प्रेम आहे, आणि बर्फाच्या नोंदी इतक्या चिकाटीने ठेवलेलं दुसरं खोरं सापडणं कठीण. तिथे शंभराहून अधिक वर्षं कोणी ना कोणी रोज पाऊस आणि बर्फ मोजत आलं आहे. त्या वह्या आज काय सांगतात, ते आपण पाहू.

आधी जागेची ओळख. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा डोंगररांगेत हे सरोवर आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 1,900 मीटर. लांबी 35 किलोमीटर, रुंदी 19 किलोमीटर, आणि सर्वात खोल जागी खोली 501 मीटर. कुतुबमिनार एकावर एक असे सहा उभे केले तरी वर जागा उरेल. एवढं पाणी आतून सतत वर-खाली होत असल्यामुळे कडाक्याच्या थंडीतही सरोवर गोठत नाही. चहूबाजूंनी डोंगर, त्यांतले काही 3,000 मीटरपेक्षा उंच. या डोंगरांवरून लहानमोठे 63 ओढे-नद्या सरोवरात उतरतात आणि बाहेर पडते ती एकटी ट्रकी नदी. ती नेवाडातल्या रेनो शहरावरून जाते आणि वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवरात संपते. ही नदी समुद्राला मिळतच नाही. तेव्हा या खोऱ्याचा हिशेब बंद डब्यासारखा आहे. वरून जे पडेल त्यातलं काही वाफ होऊन जाईल, उरेल ते ट्रकीतून खाली येईल.

आता खोऱ्यात बर्फ कुठे किती पडतो ते पाहू. हे समजायला तुम्हाला अमेरिकेत जायची गरज नाही. महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि घाट उतरून वाईला आलं की उन्हाची तिरीप, हे आपण सर्वांनी अनुभवलं आहे. टाहोत तेच घडतं, फक्त ऋतू हिवाळ्याचा. पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले ढग आधी पश्चिमेच्या डोंगरांवर आपटतात. म्हणून सरोवराच्या पश्चिम बाजूच्या डोंगरांवर वर्षाला 1,400 मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. तेच ढग सरोवर ओलांडून पूर्व किनाऱ्याला पोचेपर्यंत रिकामे होत आलेले असतात. तिथे जेमतेम 660 मिलिमीटर. मध्ये अंतर किती? एका सरोवराच्या रुंदीचं.

दुसरा फरक उंचीचा. काठावरची गावं अशा उंचीवर आहेत की हिवाळ्यातलं तिथलं तापमान शून्य अंशाच्या आसपास घुटमळतं. एखादं वादळ थोडं थंड असेल तर बर्फ, थोडं उबदार असेल तर पाऊस. वर शिखरांकडे मात्र थंडी पक्की. म्हणून काठाजवळचा बर्फ मार्चमध्ये वितळू लागतो आणि उंचावरच्या घळींतला जूनपर्यंत टिकतो. तिसरा फरक डोंगराच्या तोंडाचा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन सरळ पडतं, तो लवकर उघडा होतो. उत्तरेकडे तोंड असलेला, झाडांच्या सावलीतला उतार कितीतरी दिवस पांढरा राहतो.

या फरकांमुळेच व्यवस्था चालते. सगळा बर्फ एकदम वितळला असता तर दोन आठवडे पूर आणि मग कोरड. तसं न होता आधी खालचा, मग मधला, मग वरचा, असं पाणी क्रमाने उतरतं. घरात महिन्याचा किराणा भरलेला असतो आणि गृहिणी रोज लागेल तेवढाच काढते, तसंच हे. धरण न बांधता, पंप न लावता मिळालेला साठा.

बर्फ इतका वेळ टिकतो तरी कसा? याचं उत्तर शाळेच्या विज्ञानात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळवायला 80 कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम थंडगार पाणी 80 अंशांपर्यंत तापलं असतं. त्यात ताजा बर्फ पांढराशुभ्र. अंगावर पडलेलं बहुतेक ऊन तो परत आकाशात फेकतो. म्हणून थंडी संपली तरी बर्फ लगेच संपत नाही. तो जुना होतो, मळतो, करडा पडतो, तेव्हा ऊन शोषू लागतो आणि मग वितळण्याला वेग येतो. शुभ्र बर्फावर धूळ किंवा वणव्याची राख बसली तर हीच वेळ अलीकडे येते.

आता तुम्हाला एका विलक्षण माणसाची ओळख करून देतो. त्यांचं नाव जेम्स एडवर्ड चर्च. रेनोच्या विद्यापीठात ते लॅटिन भाषा शिकवत. संस्कृतच्या एखाद्या शास्त्रीबुवांनी धरणाच्या पाण्याचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार. 1895 च्या हिवाळ्यात ते टाहोजवळच्या माउंट रोझ शिखरावर चढून गेले, आणि 1905 मध्ये त्यांनी त्या शिखरावर हवामानाच्या नोंदी घेणारं ठाणं उभं केलं.

त्या काळात टाहोच्या पाण्यावरून मोठी भांडणं चालली होती. सरोवराच्या तोंडाशी बांध होता. खालच्या वीज कंपनीला नदीत भरपूर पाणी हवं, तर काठावर घरं असलेल्यांना वाटे की पातळी फार वाढू नये, काठ खचू नये. शेतकऱ्यांची आणखी वेगळी ओढ. वसंतात सरोवर किती चढणार हे कोणालाच आधी सांगता येत नसे, म्हणून प्रत्येक जण संशयाने बोले. बडोदेकरांना हे नव्याने सांगायला नको. आजव्याची पातळी किती ठेवायची, पाणी आता सोडायचं की पुढच्या उन्हाळ्यासाठी राखायचं, हा वाद आपल्याकडे दर पावसाळ्यात असतोच.

चर्च यांनी विचार केला की पाणी वर डोंगरात आधीच येऊन बसलेलं आहे, तर ते मोजता का येऊ नये? बर्फाची नुसती जाडी मोजून उपयोग नसतो. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांत साधारण एक इंच पाणी असतं, आणि वसंतातल्या दबलेल्या बर्फाच्या दहा इंचांत चार-पाच इंच. म्हणून त्यांनी धातूची एक लांब नळी बनवली, खालच्या तोंडाला दाते. ती बर्फात जमिनीपर्यंत खुपसायची, आत अडकलेल्या बर्फासकट वर काढायची आणि वजन करायचं. नळीच्या तोंडाचा व्यास दीड इंचापेक्षा किंचित कमी ठेवला, तो असा की एक औंस वजन म्हणजे बरोबर एक इंच पाणी. डोंगरात, बोटं गारठलेली असताना कोणालाही गुणाकार-भागाकार करावा लागू नये. माउंट रोझच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी पुढे जगभर गेली.

दुसरी युक्ती हिशेबाची. डोंगरावरचा सगळा बर्फ मोजणं अशक्य. म्हणून ठरावीक जागा निवडायच्या आणि दर वर्षी त्याच जागी मोजायचं. यंदा तिथे सरासरीच्या 80 टक्के पाणी भरलं, तर सरोवराची वसंतातली चढही साधारण 80 टक्के धरायची. इतकं साधं. 1910 नंतर या पद्धतीने टाहोच्या पातळीचे अंदाज मिळू लागले, आणि वादाला आकडा मिळाला. आकडा मिळाला की भांडण पूर्ण मिटत नाही, पण निदान कशावर भांडायचं ते ठरतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला जवळची वाटेल. हेच चर्च 1947 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हिमालयातल्या बर्फाच्या मोजणीच्या कामासाठी भारतात आले होते. टाहोच्या काठी जन्मलेली ही पद्धत आपल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या वर्षीच हिमालयापर्यंत पोचली.

आता मूळ मुद्दा. चर्च यांच्या हिशेबाला एक गृहीतक होतं, आणि ते त्या काळी पूर्ण बरोबर होतं. हिवाळ्यात पडलेलं पाणी बर्फ होऊन वसंतापर्यंत डोंगरावर थांबेल, हे ते गृहीतक. टाहो सिटी या काठावरच्या गावात 1910 पासून नोंदी आहेत. त्या वेळी वर्षभरात पडणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग बर्फाच्या रूपात पडे. आज तो सुमारे एक तृतीयांशावर आला आहे. त्याच काळात तिथल्या रात्रीच्या किमान तापमानाची सरासरी सुमारे अडीच अंश सेल्सिअसने वाढली, दिवसाच्या कमाल तापमानाची साधारण त्याच्या निम्म्याने. पारा गोठणबिंदूच्या खाली राहतो असे दिवस वर्षात महिनाभराने कमी झाले.

अडीच अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. बडोद्यात 40 चे साडेबेचाळीस झाले तर आपण "आज जरा जास्तच आहे" म्हणतो आणि पंखा वाढवतो. पण शून्याच्या उंबरठ्यावरच्या गावाला दोन अंश म्हणजे बर्फ की पाऊस हा निकाल असतो. त्याच खोऱ्यात उंच शिखरावर उणे सहाचं उणे चार झालं, तर तिथे बर्फच पडणार. म्हणून बदल सगळीकडे सारखा नाही. आधी फटका बसतो तो काठाजवळच्या आणि मधल्या उंचीच्या पट्ट्याला. साठ्याचा खालचा कप्पा आधी रिकामा होतो.

परिणाम नद्यांच्या मापावर उमटला आहे. सरोवरात येणाऱ्या ओढ्यांना बर्फाच्या पाण्याचा भर कोणत्या तारखेला येतो, हे 1961 पासूनच्या नोंदींवरून काढलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेचं केंद्र हे दर वर्षी प्रसिद्ध करतं. ती तारीख आता सुमारे अडीच आठवडे अलीकडे सरकली आहे. वर्षावर्षांत चढउतार पुष्कळ असतात, एखाद्या वर्षी भर जूनमध्येही येतो, पण साठ वर्षांची रेघ ओढली तर कल स्पष्ट आहे.

आणि इथे लक्षात घ्यायची गोष्ट. वर्षभरात पडणारं एकूण पाणी मात्र तसं ठामपणे घटलेलं नाही. कधी दुष्काळ, कधी अतिवृष्टी, अशी वर-खाली उडी चालू आहे. बदललं ते पाण्याचं रूप आणि यायची वेळ. पगार तेवढाच, पण पंधरा दिवस आधी येऊन पंधरा दिवस आधी संपणारा. घर चालवणाऱ्या कोणालाही विचारा, हिशेब कुठे चुकतो ते.

तीन उदाहरणं देतो.

पहिलं, 1997 च्या नववर्षाचं. डिसेंबरमध्ये डोंगरांवर जाड बर्फ साठला होता. वर्षाच्या अखेरीला उबदार वादळ आलं आणि उंच डोंगरांवरसुद्धा पाऊस कोसळला. पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून खाली आले. टाहो सरोवर कायद्याने ठरलेल्या कमाल पातळीच्याही वर गेलं. ट्रकीला खाली मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी त्यात पडलं आणि रेनो शहराच्या मध्यभागात पूर आला. बर्फावर पाऊस हा तिथल्या लोकांचा सर्वात भीतीचा विषय. हिवाळे उबदार होत जातात तशी ही भीती वाढते.

दुसरं उदाहरण उलट टोकाचं. 1 एप्रिल हा सिएरामध्ये बर्फ मोजण्याचा महत्त्वाचा दिवस, कारण तेव्हा साठा साधारण भरात असतो. 1 एप्रिल 2015 रोजी कॅलिफोर्नियाच्या सिएरातला बर्फ सरासरीच्या केवळ 5 टक्के निघाला. टाहोच्या खोऱ्याला लागूनच असलेल्या फिलिप्स स्टेशन या मोजणीच्या जागी राज्यपाल जेरी ब्राउन स्वतः गेले, आणि जिथे बर्फात उभं राहायचं तिथे गवतावर उभं राहून त्यांनी पाणीकपात जाहीर केली. त्या हंगामात पाणी सरासरीपेक्षा कमी पडलं होतं, पण 5 टक्के मुळीच नव्हतं. हिवाळा इतका उबदार होता की बरंचसं पाणी पाऊस म्हणून पडलं आणि वाहून गेलं.

आता टाहोच्या बांधाची गंमत पाहा. सरोवराच्या नैसर्गिक काठापासून कायदेशीर कमाल पातळीपर्यंत अंतर आहे फक्त 6.1 फूट. सरोवर अर्धा किलोमीटर खोल, पण वापरता येतं ते वरचं सहा फूट पाणी, सुमारे 92 कोटी घनमीटर. पातळी नैसर्गिक काठाखाली गेली की ट्रकीत टाहोचा थेंबही जात नाही. 2014 च्या शरदात ती तशी गेली, आणि पुढे दुष्काळ संपेपर्यंत हा प्रश्न राहिला. मग 2016-17 च्या हिवाळ्यात इतकं पडलं की 2017 च्या उन्हाळ्यात सरोवर कमाल पातळीला टेकत आलं. सहा फुटांच्या या फळीवर दुष्काळ आणि पूर दोन्ही पेलायचे. जानेवारीत जागा ठेवावी तर बर्फ कमी पडल्यास उन्हाळ्यात पंचाईत, भरून ठेवावं तर उबदार पावसात पूर.

तिसरं उदाहरण नदीच्या शेवटच्या टोकाचं, आणि मला स्वतःला ते सर्वात महत्त्वाचं वाटतं. पिरॅमिड सरोवर हे पायूट या मूळनिवासी लोकांचं. तिथे क्वी-वी नावाचा मासा आहे, तो जगात दुसरीकडे कुठेच नाही. पायूट लोक त्याच्याच नावाने ओळखले जात. हा मासा अनेक वर्षं जगतो आणि वसंतात, बर्फाचं पाणी नदीला आलं की अंडी घालायला ट्रकीतून वर चढतो. 1905 मध्ये बांधलेल्या डर्बी बंधाऱ्याने नदीचं पाणी शेतीकडे वळवलं. पिरॅमिड सरोवर पुढच्या साठेक वर्षांत सुमारे 80 फूट खाली गेलं, शेजारचं विनेमका सरोवर तर कोरडं पडलं. मुखाशी गाळ साचून माशांची वाट बंद झाली. पायूट लोकांनी न्यायालयात आणि वाटाघाटीत वर्षानुवर्षं झगडून माशांसाठी पाण्याचा हक्क मिळवला. ट्रकीच्या नव्या करारावर 2008 मध्ये सह्या झाल्या आणि 2015 च्या अखेरीस तो लागू झाला. त्यात माशांसाठी पाणी साठवून योग्य वेळी सोडण्याची सोय आहे. पण माशाला करार वाचता येत नाही. तो पाण्याची वाढ आणि त्याचा थंडावा ओळखतो. बर्फाचं पाणी लवकर येऊन गेलं आणि पुढे नदी उथळ, कोमट झाली, तर चुकतं ते त्याचं वेळापत्रक. धरणातून पाणी सोडून ते जुळवून द्यावं लागतं.

शिवाय बर्फ लवकर गेला की जंगल लवकर वाळतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये कॅल्डोर नावाचा वणवा सिएराचा माथा ओलांडून टाहोच्या खोऱ्यात शिरला आणि साउथ लेक टाहो हे सबंध गाव काही दिवस रिकामं करावं लागलं. वणव्याला कारणं अनेक असतात, पण लांबलेला कोरडा उन्हाळा त्याला रान मोकळं करून देतो.

मग चर्च यांची पद्धत चुकीची ठरली का? नाही. आज डोंगरांवर स्वयंचलित ठाणी आहेत, बर्फाच्या वजनाचा आकडा तासातासाला खाली येतो. त्यांचा पाया तोच आहे, ठरलेल्या जागी दर वर्षी मोजत राहण्याचा. "सरासरीच्या इतके टक्के" म्हणताना आता विचारावं लागतं, सरासरी कोणत्या वर्षांची? आणि 1 एप्रिलपर्यंत थांबून चालत नाही, जानेवारीपासून डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. पण बदल झाला हे तरी कळलं कशावरून? 1910 पासून रोज सकाळी उठून आकडा लिहिणाऱ्या माणसांमुळे. त्यातल्या पहिल्या माणसाला ठाऊकही नसेल की आपण कशाचा पुरावा लिहून ठेवतो आहोत.

हिमालयात उंची जास्त, खोरी अफाट, आणि हिमनद्यांची भर वेगळी. टाहोचे आकडे उचलून तिथे चिकटवता येणार नाहीत. पण प्रश्न तेच विचारायचे आहेत. बर्फ किती, हा एक. तो कोणत्या उंचीवर कमी होतो आहे, हा दुसरा. आणि पाणी कोणत्या आठवड्यात येतं, हा तिसरा. धरणाच्या नियमावल्या, कालव्यांची आवर्तनं, पेरण्यांच्या तारखा, सगळं तिसऱ्या उत्तरावर उभं आहे. नियमावली एकदा छापली की पन्नास वर्षं कपाटात राहते, हे मी माझ्या नोकरीत पाहिलं आहे. बर्फ मात्र नियमावली वाचून वितळत नाही.

पुढच्या वेळी नातवंडांबरोबर टाहोला गेलात, तर निळं पाणी पाहून झाल्यावर टाहो सिटीच्या बांधापर्यंत जरूर जा. लहानसा आहे, सतरा दरवाज्यांचा, डोळ्यांत भरणारही नाही. शेजारी पातळीची नोंद असते. तो आकडा पाहा आणि नैसर्गिक काठापासून किती फूट वर आहे ते मुलांना मोजायला सांगा. त्या सहा फुटांत एका शहराचं पिण्याचं पाणी, एका जमातीचा मासा आणि कितीतरी शेतं आहेत, हे त्यांना तिथेच समजेल.

 गणपती बाप्पा मोरया!